धोका पाण्यात आहे, वाटेवर नाही

प्रति,
पुणे जिल्ह्यातली तळी, धरणं आणि डोंगरवाटा पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश काढणाऱ्या व ते अमलात आणणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

पाऊस धरला की आपल्या जिल्ह्यात हल्ली मनाईचा आदेश ठरलेला असतो. धबधबे, सांडवे, गडांच्या वाटा, घाटातली वळणं, तळी अशी सगळी नावं एका यादीत येतात आणि सगळ्यांना एकच नियम लागतो: जायचं नाही. यंदा त्या यादीत मावळातलं एक लहानसं तळंही आलं आणि त्याच्या भोवतीची पायवाट बंद झाली. आषाढात लागलेली बंदी श्रावणातही तशीच आहे. मला हे गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र. लिहिते तुम्हाला, पण रविवारी मुलांना घेऊन कुठे जायचं हा प्रश्न ज्यांच्या घरात पडतो त्या सगळ्यांनी ते वाचावं अशी इच्छा आहे.

तळ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चार रील्स फिरल्या की एखाद्या गावाचं काय होतं, हे मावळाने पुरेसं पाहिलंय. शिवाय हे दुखणं एकाच तळ्याचं नाही. नाव बदललं तरी पत्रातलं फारसं काही बदलणार नाही.

आधी वाट कशी आहे ते सांगते, कारण आदेशात तिचं वर्णन कुठेच नाही. लोकलने कामशेतला उतरायचं, तिथून जीप किंवा एसटी धरायची. गावातलं शेवटचं घर मागे टाकून मातीच्या बांधावर चढलं की समोर तळं दिसतं. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला हा बांध. वाट काठाला धरून जाते, पण पाण्यापासून वीस-पंचवीस पावलं वर राहून. सगळी मिळून दीड-दोन तासांची प्रदक्षिणा. चढ म्हणावा असा एकच, देवराईपाशी, तोही पाच-दहा मिनिटांचा. वर वाघजाईचं ठाणं आहे, तिथे सगळे टेकतात, डबे उघडतात. पुढे गवताळ उतार, मग एक ओढा, आणि ओढा ओलांडला की पुन्हा बांध.

माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं, वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे. गुडघ्यांनी त्यांचे गड सुटले. पहाटे उठून सिंहगड पायी चढणारा माणूस, गाडीने वर जाऊन परत येण्यात त्यांना रस नाही. ही वाट मात्र ते काठी टेकत अजून पुरी करतात. माझी धाकटी सहा वर्षांची आहे. नणंदेचा मुलगा पिंपरीहून येतो, त्याला दम लागतो, म्हणून शाळेच्या ट्रेकला त्याला कुणी नेत नाही. या तिघांना एकत्र चालता येईल अशा जागा पुण्याच्या आसपास किती आहेत? टेकड्यांवर चढ आहे, बागांमध्ये गर्दी आहे, मॉलमध्ये चालणं म्हणजे चालणं नव्हे. तीन पिढ्यांना एका वेळी, कुणी कुणाला खोळंबून न ठेवता, डोंगरात नेणारी वाट ही फार मोलाची गोष्ट असते. ती बंद होते तेव्हा आमच्या घरातून काय जातं, हे आदेश काढताना कुणी विचारात घेतलं असेल असं मला वाटत नाही.

आणि ती पावसाळ्यातच हवी. उन्हाळ्यात तळं निम्मं आटतं, काठावर भेगाळलेला गाळ उरतो, सावली नसते. श्रावणात मात्र त्या गवताळ उतारावर खडकाचा एक सपाट तुकडा आहे, त्यावर पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो आणि त्यात सीतेची आसवं फुलतात. जांभळट निळी, नखाएवढी फुलं. आप्पांनी नातीला तिथे ओणवं बसवून दाखवलं होतं, की या रोपाच्या मुळाशी बारीक फुगे असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म किडे अडकतात. खडकावर माती नाही, खत नाही, म्हणून हे रोप असं पोट भरतं. पोरगी पोटावर आडवी झाली, नाक फुलाला टेकेपर्यंत. बाजूच्या कपारीतून एक मुठा, म्हणजे ओढ्यातला खेकडा, बाहेर आला, नांग्या उगारून थांबला आणि परत आत गेला. आठवड्याभराने तिला वर्गात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहायला सांगितलं, तर पानभर फक्त तो मुठा होता. भाद्रपदात त्याच उतारावर सोनकी आणि तेरडा येतो. ऑक्टोबरचं ऊन लागलं की सगळं संपतं. तुमची बंदी नेमकी याच दिवसांवर बसते.

तुमच्या काळजीला मी खोटं म्हणत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या ओढ्यात हडपसरच्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत चार लहान मुलं होती. तो व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरता येणार नाही. त्या पाठोपाठ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघांचा जीव गेला. अशा घटनांनंतर प्रशासनाने काहीच केलं नसतं, तर मीच पहिल्यांदा जाब विचारला असता.

पण या दोन घटना आपल्याला नेमकं काय सांगतात ते नीट पाहू या.

ओढ्यातला लोंढा अचानक का येतो? सह्याद्रीचा माथा काळ्या खडकाचा आहे. पावसाळ्यात एकदा माती भिजून तुंबली की खडक पाणी पीत नाही, पडलेलं सगळं पाणी उताराला लागतं. ओढ्याचं पाणलोट लहान आणि उभं असतं. त्यामुळे वर माथ्यावर सर कोसळली की खाली काही मिनिटांत पाणी चढतं, आणि तेव्हा तुमच्या डोक्यावर कदाचित ऊनही पडलेलं असतं. धबधब्याच्या पात्रात उभ्या असलेल्या माणसाला पळायला वेळच मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात उतरू देऊ नये, सांडव्याखाली बसू देऊ नये. इथे माझा तुम्हाला पूर्ण पाठिंबा आहे, लेखी हवा असेल तर तोही घ्या.

तळ्याचं पाणी असं वागत नाही. ते पसरतं आणि बोटाबोटाने वर येतं. सकाळी ज्या दगडाला लागलेलं असेल तो दगड संध्याकाळपर्यंत बुडेल, एवढंच. काठाच्या वर असलेल्या वाटेवरून चालणाऱ्याला ते गाठत नाही. तळ्याचा धोका वेगळा आहे. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ असतो, त्यात पाय रुततो. बांध घालण्यापूर्वीच्या ओढ्याचं पात्र आतमध्ये तसंच असतं, त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल एकदम खोलात पडतं. पोहता येणारी धडधाकट मुलंही अशी जातात. म्हणजे इथे जीव जातो तो पाण्यात उतरल्याने, वाटेने चालल्याने जात नाही. तुमच्या आदेशाने पाण्यात उतरणं आणि वाटेने चालणं एकाच ओळीत घातलं, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

कुंडमळ्याला पूल धोकादायक असल्याची पाटी लागलेली होती. पाटी होती आणि पूलही उभा होता. माणसं पाटीखालून पुलावर गेली. पाटी लावली म्हणजे बंदोबस्त झाला, असं मानण्याची किंमत आपण मोजलेली आहे. तळ्याच्या तोंडाशी यंदा बांधलेली दोरी आणि फ्लेक्स पाहून मला तेच आठवलं.

आता बाकीच्या तक्रारी.

आम्हाला ज्या रविवारी परत फिरवलं, तेव्हा बांधाच्या तोंडाशी दोन पोलीस उभे होते. वागणं अगदी सभ्य. त्यांतल्या एकाने आप्पांना बसायला स्वतःची प्लास्टिकची खुर्ची दिली. सकाळपासून पावसात उभे, डोक्यावर ताडपत्रीसुद्धा नाही. मी त्यांना विचारलं, की पलीकडच्या ओढ्यावर कोण आहे? तिथे कुणीच नव्हतं. दोन माणसांत दोन जागा कशा सांभाळणार? आणि आम्ही दोरीपाशी उभे असतानाच सात-आठ तरुणांची एक टोळी गावामागच्या शेतातून, लावणी झालेल्या भाताचा बांध तुडवत, थेट त्या ओढ्याकडे उतरताना दिसली. नियम पाळणारं कुटुंब मागे फिरलं, आणि ज्यांना अडवायला हवं होतं ते जिथे जाऊ नये तिथेच पोचले. सरसकट बंदीचा हा परिणाम दर शनिवार-रविवारी मावळभर दिसतो. ज्या वाटेवर लोकांची ये-जा असते, तिथे चार शहाणी माणसंही असतात, हाक मारणारं कुणी असतं. ती वाट बंद केली की माणसं विखरून आडवाटांना लागतात आणि तिथे काही झालं तर कळायलाच तास जातो.

दुसरी गोष्ट लिहिताना मला राग आवरावा लागतोय. दोरीच्या अलीकडे आम्ही, आणि तळ्याच्या उजव्या अंगाला, त्याच पाण्यावर, एका रिसॉर्टच्या पाहुण्यांच्या खुर्च्या मांडलेल्या. तंबू काठापर्यंत आलेले. दोन मुलं गुडघाभर पाण्यात, अंगात लाइफ जॅकेट नाही. आमच्या वाटेचा एक तुकडा त्यांनी आधीच तारेचं कुंपण घालून खाल्लाय. तिथे गेली काही वर्षं वरच्या झाडीतून वळसा घ्यावा लागतो. आदेश जर जिवाच्या काळजीपोटी असेल, तर तो पैसे भरलेल्या जिवालाही लागू हवा. मी शिपायांना हे दाखवलं, तेव्हा “ती खासगी जागा आहे मॅडम” असं उत्तर आलं. पाणीही खासगी आहे का? तळ्याच्या फुगवट्याची हद्द कुठवर आहे, कुंपण त्या हद्दीत येतं का, हे मोजणं माझं काम नाही. ते ज्यांचं काम आहे, त्यांनी ते करावं.

आणि पाणी कुणाचं, हा प्रश्न आमच्या घरात नुसता बोलण्यापुरता नाही. आप्पांच्या आजोबांचं गाव मुळशीच्या धरणाखाली गेलं. १९२१ मध्ये मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, आणि तरी धरण झालं. मुंबईला वीज मिळाली. आपल्या भागातलं जवळजवळ प्रत्येक मोठं पाणी असंच कुणाच्या तरी गरजेसाठी अडवलेलं आहे. कात्रजचं तळं नानासाहेब पेशव्यांच्या काळात शहराला नळाने पाणी देण्यासाठी झालं. भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलं गेलं. खडकवासला पुण्याच्या कँटोन्मेंटला आणि कालव्याला पाणी पुरवण्यासाठी. दरवेळी कुणाची तरी शेतं, कुणाची तरी देवळं त्यात गेली. त्या पाण्याच्या काठाने, काहीही न तोडता, काहीही न टाकता, निदान चालण्याची मुभा सगळ्यांना असावी, एवढं तरी मागता आलं पाहिजे.

गावाचं नुकसान वेगळंच. बांधाच्या पायथ्याशी एक मावशी पत्र्याच्या आडोशाला चूल मांडतात. कांदाभजी, भाजलेलं कणीस, चहा, आणि सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी. परतताना घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी लोक त्यांच्याकडूनच नेतात. त्यांचा सगळा धंदा या तीन महिन्यांचा. यंदा त्यांनी जूनमध्ये उधारीवर तेलाचे डबे भरून ठेवले आणि बंदी लागली. “ताई, पावसाळा गेल्यावर इथं कोण येतंय?” असं त्या म्हणाल्या तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आदेश काढण्यापूर्वी गावाला कुणी विचारलं नव्हतं. ग्रामसभेत विषय आला नाही. फ्लेक्स लागला तेव्हा गावाला कळलं.

स्वच्छतागृहाबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण इतकी वर्षं हे मागून झालंय. कामशेत सोडलं की बाईमाणसाला सोय नाही. वयस्कर माणसाला नाही. बंदीचा फ्लेक्स छापून येतो, पण त्याच जागी पाण्याची टाकी आणि दोन संडास उभे राहायला कुणाची हरकत आहे, ते आजवर कळलेलं नाही.

आणखी एक नुकसान आहे, ते कागदावर दिसत नाही. त्या ओढ्याशी आम्हाला एकदा गावातल्या एका गुराख्याने थांबवलं होतं. ओढ्याला घोट्याएवढं पाणी, आम्ही दगडांवरून पलीकडे जाणार, तर तो म्हणाला, “जरा थांबा, पाचोळा बघा.” पाण्यावर सुकी पानं आणि काटक्या वाहत येत होत्या. थोड्या वेळात पाण्याचा रंग बदलला, आधी तळ दिसत होता तो दिसेनासा झाला, खळखळाटाचा आवाज जड झाला. बघता बघता घोट्याचं पाणी मांडीला लागेल इतकं चढलं. आम्ही वरच्या खडकावर बसून ते पाहिलं आणि आल्या वाटेने परत गेलो. त्या दिवसापासून आमच्या मुलांना सांगावं लागत नाही. ओढा दिसला की ती आधी पाचोळा बघतात, रंग बघतात, कान देतात. पाण्याची ही ओळख फळ्यावर शिकवता येत नाही. मोठ्यांचा हात धरून, सुरक्षित जागी उभं राहूनच ती होते. आज आपण मुलांना पावसाळ्यात डोंगराकडे फिरकूच दिलं नाही, तर अठराव्या वर्षी ती मित्रांच्या मोटारसायकलवर बसून थेट धबधब्याखाली जातील, आणि पाचोळ्याचा अर्थ त्यांना माहीत नसेल. बंदीने शहरातल्या मुलांचं पाण्याबद्दलचं अज्ञान वाढतंय. उद्याचे अपघात त्यातूनच होणार आहेत, म्हणून मला याची सगळ्यांत जास्त भीती वाटते.

कायद्याबद्दल दोन वाक्यं. कलम १६३ हे तातडीच्या प्रसंगासाठी आहे. त्याखालचा आदेश लेखी असावा, त्यात त्या प्रकरणातली ठोस वस्तुस्थिती नमूद असावी, असं कलमच सांगतं. आणि असा आदेश दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही, त्यापुढे न्यायचा तर राज्य सरकारला तसं ठरवावं लागतं. पावसाळा तातडीचा नसतो. तो जूनमध्ये येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. जे दरवर्षी येतं त्याची तयारी मार्च-एप्रिलमध्ये व्हायला हवी. तयारी न करता जुलैत तातडीचं कलम वापरायचं आणि आदेश मोडणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खालच्या शिक्षेची भीती घालायची, हे बरोबर नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन आपल्या जिल्ह्यात आहेत. लोहगडाला जाणारे लोक याच कामशेत-मळवलीच्या बाजूने जाणार. जगाला या डोंगरांत बोलवायचं आणि पावसाळ्यात इथल्याच माणसांना दोरी बांधून अडवायचं, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. लोक येणारच आहेत. त्यांना चालता येतील अशा वाटा आपण आत्ताच नीट करायला हव्यात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

मनाई ठिकाण पाहून करा. ओढ्याचं पात्र, धबधब्याखालची जागा, सांडवा, निसरडा कडा इथे ती कडक असू द्या. काठावरच्या पायवाटा त्यातून वगळा. एखादी पायवाट खरोखरच धोक्याची असेल, तर तिथे नेमका काय धोका आहे ते आदेशात लिहा, म्हणजे तो दूर करता येईल.

बंदी महिन्यावर न ठेवता हवामानावर ठेवा. हवामान विभाग घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतो. लाल इशारा असेल त्या दिवशी वाट बंद, नारिंगी असेल तर ओढ्याच्या अलीकडून परत, आणि इशारा उतरला की वाट पुन्हा खुली. आदल्या संध्याकाळी हे जाहीर झालं तर कुणालाही लोकल पकडून येऊन दोरी बघावी लागणार नाही.

पाण्यात उतरायला बारा महिने मनाई करा आणि ती सगळ्यांना लागू करा, रिसॉर्टलाही. काठावर खोलीच्या पाट्या लावा, ठरावीक अंतरावर दोर आणि तरंगणारी रिंग टांगा. गावातल्या मुलांना जीवरक्षकाचं प्रशिक्षण देऊन हंगामापुरतं मानधन द्या. भुशीच्या दुर्घटनेत शोधकार्याला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थेचे तरुण उतरले होते, स्वतःचा जीव धोक्यात घालून. अशी तयार माणसं मावळात आहेत. त्यांना मृतदेह शोधायला बोलावण्याऐवजी आधी शिकवायला बोलवा.

ओढ्यावर एक साकव बांधा. दहा-बारा फुटांचा प्रश्न आहे. वाटेवरची एकमेव जोखीम तीच, आणि ती कायमची संपते. मात्र साकवावर एका वेळी किती माणसं, हे लिहून ठेवा आणि दर वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी करा. कुंडमळा पुन्हा नको.

काठावरची हद्द मोजा, कुंपण हद्दीत येत असेल तर काढा.

स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी द्या. शनिवार-रविवारी कामशेतहून एसटीच्या दोन जादा फेऱ्या सोडा, म्हणजे गावात गाड्यांची रांग लागणार नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर सिंहगडावर वन समितीमार्फत गाड्यांकडून उपद्रव शुल्क घेतलं जातं, तसं इथे ग्रामपंचायतीला घेऊ द्या. आम्ही आनंदाने भरू. त्या पैशाचा हिशेब मात्र चावडीवर लागला पाहिजे.

आमच्या बाजूने आम्ही काय करू तेही सांगते. आमच्या सोसायटीतल्या आणि मुलांच्या शाळेतल्या काही पालकांशी बोलणं झालंय. वाट खुली झाली तर तिथे येणाऱ्या मुलांना पाण्याची लक्षणं समजावून सांगायला, कचरा परत न्यायला आणि गर्दीच्या दिवशी ओढ्यापाशी उभं राहायला आम्ही पाळीपाळीने येऊ. तो गुराखी तयार असेल तर पहिला धडा त्यानेच द्यावा.

कलम १६३ खालचा आदेश बाधित व्यक्तीच्या अर्जावरून बदलता किंवा मागे घेता येतो, अशी सोय त्याच कलमात आहे. हे पत्र वर्तमानपत्रांकडे आणि समाजमाध्यमांवर जातंय, पण त्याचबरोबर तो रीतसर अर्जही समजावा. सह्यांसह त्याची प्रत मी येत्या आठवड्यात कार्यालयात आणून देणार आहे आणि पोच घेणार आहे. निर्णय काहीही असो, तो कारणांसह लेखी मिळावा.

आणि एक विनंती. उत्तर लिहिण्यापूर्वी आपल्यापैकी कुणीतरी ही वाट एकदा चालून पाहावी. कामाचा दिवस असला तरी चालेल, मी रजा घेईन. आप्पाही यायला तयार आहेत.

आपली,
सिंहगड रस्ता, पुणे येथील एक नागरिक